शिक्षेच्या वहीचं जाहीर वाचन

...दोनशे अकरा अंगठे! चष्मा पुसून मोजले मी. आणि सभेला माणसं किती? तीन! एक मी, एक शाळेचा शिपाई, आणि तिसरा पंखा कुठे लावायचा ते विचारायला आलेला वायरमन! मग मला राहवेना, तर यात माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा!

अहो, तुम्हाला सांगतो, आमच्या घरासमोरच्या शाळेच्या मोठ्या बाई फार गुणाच्या, पण भाबड्या. वरून कागद आला, की पोरं कमी झालीत, पालकांना शाळेचं काही पडलेलं नाही, तेव्हा ही शाळा हमरस्त्यापलीकडच्या शाळेत जोडून टाकू, शनिवारी साहेब येतील, लोक जमले तर बघू. आता माझी नात दुसरीत. तिनं तो रस्ता रोज ओलांडायचा? जिथे मी, सायकली दुरुस्त करण्यात जन्म घालवलेला माणूस, दहा-दहा मिनिटं हँडल धरून उभा राहतो? आणि बाईंनी काय केलं? फेसबुकवर शाळेचं पेज काढलं! वर गुलाबाचं फूल, खाली 'शनिवारच्या तयारीसाठी बुधवारी सभा, सर्व सुजाण पालकांस सस्नेह निमंत्रण'. सुजाण म्हटल्यावर आमच्यातलं कोण येणार हो? सगळ्यांनी घरबसल्या अंगठा दाखवला!

आमच्या वेळी पेज नव्हतं, मोठे मास्तर होते. संध्याकाळी सायकलवर निघायचे. वळणावर साखळीची करकर ऐकू आली की आळीतली सगळी पोरं खाटेखाली! मास्तर दारात बसायचे, पाणी प्यायचे, आणि हळूच म्हणायचे, 'पोरगा हुशार आहे हो तुमचा... फक्त आज त्यानं माझ्या खुर्चीला डिंक लावला.' बाप उठायचा मारायला, आई पदर डोळ्याला, आणि मधे कोण पडायचं? मास्तरच! पुढे मी दुकान टाकलं, तेव्हा ती साखळी मीच बदलली. करकर बंद. मास्तर चार पावलं जाऊन परत आले. म्हणाले, 'अरे, आता लोकांना कळणार कसं मी आलो ते?'

...असो. गेले ते.

तर मास्तरांची एक वही होती, लाल पुठ्ठ्याची. शिक्षेची वही. कुणी काय केलं, तारीखवार. ती मला आठवली. मी आपला पेजवर गेलो आणि एका बोटानं, अर्धा तास खपून, लिहिलं: 'शनिवारी दहा वाजता शाळेत मोठ्या मास्तरांच्या शिक्षेच्या वहीचं जाहीर वाचन. जे गैरहजर, त्यांचं आधी वाचणार.' बस, एवढंच! यात माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा!

फोन तापला हो! डॉक्टरांचा पहिला. एवढा मोठा माणूस, पण आवाज कसा, तर ताप आलेल्या पोरासारखा. 'काका... ते बेडकाचं आहे का त्यात?' म्हटलं, 'डॉक्टर, तारखेसकट!' मग बँकेतल्या साहेबांची बायको, साखर घोळवून, 'अहो भावजी, ह्यांचं काय आहे हो त्यात?' म्हटलं, 'वहिनी, या की! समोरासमोर ऐका!'

शनिवारी वर्गात पाय ठेवायला जागा नाही. खिडक्यांत माणसं, दारात माणसं, शिपाई टेबलावर. वरचे साहेब बघतच राहिले. मी लाल कापडात गुंडाळलेलं बाड घेऊन उभा. बाई माझ्या कानाशी, 'आजोबा, ती वही तर वाळवीनं खाल्ली ना?' खाल्ली की! बारा वर्षं झाली! माझ्या हातात होतं सायकलच्या सुट्या भागांचं माहितीपुस्तक. पण मी चष्मा चढवला, पान उलटलं, घसा खाकरला...

'थांबा!' डॉक्टर उभे. 'मीच सांगतो. मास्तरांच्या डब्यात बेडूक मी सोडला होता.' मग बँकवाले साहेब, मान खाली, 'घंटेची हातोडी मी पळवली. अजून घरी आहे. आमची ही त्याच हातोडीनं खिळे ठोकते.' मग शिंपीणबाई, 'फळ्यावर मास्तरांचं चित्र मी काढलं होतं, मार दादानं खाल्ला.' आणि दादा शेजारीच बसलेला! चाळीस वर्षांनी ओरडला, 'तू होतीस होय गं!'

हसता हसता कुणीतरी डोळे पुसले, मग सगळेच पुसायला लागले. शेवटी साहेब उठले. 'मी तुमच्या शाळेतला नाही... पण आमच्या मास्तरांचा चष्मा... तो मी विहिरीत टाकला होता.' एवढं बोलून त्यांनी खिशातून पेन काढलं आणि कागदावर लिहून टाकलं, शाळा इथेच राहील.

आता पेजवर काय गर्दी म्हणता! रोज नवा कबुलीजबाब. मीही माझ्या त्रेचाळीस खोड्या लिहिल्या, कृतीसकट. आता दुसरीतली पोरं हे वाचतील, हे मला काय ठाऊक? यात माझं काय चुकलं?

काल बोलावणं आलं. नातीनं वर्गातलं घड्याळ पाऊण तास पुढे केलं, अख्खी दुसरी घरी! विचारलं तर म्हणाली, 'आजोबांचा सतरावा नंबर.' बाईंनी मला पोरांच्या बाकावर बसवलं, गुडघे हनुवटीला, आणि हातात पाटी दिली: 'मी पुन्हा असं लिहिणार नाही', पन्नास वेळा.

लिहिलं हो, गुपचूप लिहिलं. शाळा घरासमोरच ठेवून घेतली ना मी... आता पळणार कुठे?