बाईंचं पुढचं वाक्य

बिभीषण : एकतीस मतं, आक्का. एकतीस मतांनी हातातलं सरपंचपद घालवलं तुझ्या सुनंनं. आणि तू मला च्या पाजायलीस.

गोजरबाई : टेंभुर्णीवरनं दोन गाड्या बदलून आलास. धाकटा भाऊ दारात आल्यावर च्या बी पाजू नको व्हय? घे. बिनसाखरेचा हाय, तुला साखर हाय म्हनून.

बिभीषण : च्या प्यायला न्हाय आलो मी. जाब इचारायला आलोय. पिंकी कुटं हाय?

गोजरबाई : वस्तीवर गेलीया. कुनाची झंपरं शिवली व्हती, ती द्यायला. ईल एवढ्यात.

बिभीषण : काल निकाल लागला आणि आज वस्तीवर? पडलेल्या उमेदवारानं दुसऱ्याच दिवशी लोकांना तोंड दाखवायचं?

गोजरबाई : का? तोंडाला काय झालंय तिच्या?

बिभीषण : तुला कसं कळत न्हाय गं. आमच्या अमृतनं महिनाभर मोबाईलचं दुकान वाऱ्यावर सोडलं तिच्यासाठी. प्रत्येक वॉर्डाचा येगळा ग्रुप केला. फोटो, गाणी, सगळं एकटं पोरगं बघत हुतं. वस्तीवरची पावणेतीनशे मतं त्यानं एका क्लिपवर फिरवली. फिक्स सीट हुती. आणि हिनं काय केलं? शेवटच्या सभेत माईक घेतला आणि म्हणाली, ती क्लिप खोटी हाय, आमच्याच माणसानं केलीया.

गोजरबाई : अमृतचं नाव घेतलं का तिनं?

बिभीषण : नाव कशाला घ्यायला पायजे? मोबाईलचं काम कोण करतंय हे काय गावाला ठाऊक न्हाय व्हय? आता तिकडं टेंभुर्णीत बी गिऱ्हाईक दुकानात येतंय आणि हसत म्हणतंय, आमची बी एक क्लिप कापून दे की. चार दिस झालं, पोरगं धड जेवंना. बापाशी बी बोलंना.

गोजरबाई : न्हाय जेवला तर बरंच हाय.

बिभीषण : आक्का.

गोजरबाई : मी वंगाळ बोलत न्हाय. माझ्या हातचं जेवून वाढलाय त्यो. सातवीपातूर हितंच शाळेला व्हता, इसरलास का? आला तवा एक वाक्य पुरं बोलता येत नव्हतं त्याला. पयल्या अक्षराला अडकायचा आन रडायचा. कुनी बोलता केला त्याला?

बिभीषण : आता जुनं कशाला काढतीस.

गोजरबाई : सांग की, कुनी केला?

बिभीषण : इंद्रायणीबाईनं. पण तीच आता पिंकीच्या विरोधात हुभी हुती न्हवं.

गोजरबाई : शाळा सुटल्यावर रोज अर्धा तास म्होरं बसवून वाचाया लावायची बाई. दीड वर्स. आन त्याच बाईचं बोलनं कापलं त्यानं.

बिभीषण : राजकारणात असं चालतंय, आक्का. ते काय आमच्यावर कमी टाकत हुते का? पिंकी अक्कलकोटची हाय, निम्मं कानडी बोलती, तिला गावाचं काय पडलंय, असं फिरवलंच की त्यांच्या पोरांनी.

गोजरबाई : ते तर तिच्या लग्नात तूच म्हनला व्हतास. नाक मुरडून.

बिभीषण : ते येगळं.

गोजरबाई : बरं, येगळं. सभेला तू नव्हतास न्हवं?

बिभीषण : न्हवतो. कांद्याच्या गाड्या भरायच्या हुत्या. अमृतनं सांगितलं मला सगळं.

गोजरबाई : मग आता माझ्याकडनं ऐक. मी तिथं व्हते. मधी बोलू नको, न्हायतर मला म्होरचं आठवत न्हाय.

बिभीषण : सांग.

गोजरबाई : मतदानाच्या चार दिस आधीची गोष्ट. सकाळी मी चुलीपाशी भाकरी थापत व्हते. शेजारीन तिची तान्ही पोरगी कडंवर घिऊन आली आन फोन माझ्या नाकाम्होरं धरला. इंद्रायणीबाई बोलत व्हती त्यात. ‘वस्तीवरच्या बायकांना नळ कशाला? आणतात की डोक्यावरून.’ एवढंच. पुन्यांदा एवढंच. मला बी खरं वाटलं. मी म्हनलं, चौतीस वर्सं शिकवलेली बाई, आन पोटात हे व्हय. दुपारपातूर सगळी वस्ती पेटली. बायका रिकामे हंडे घिऊन गेल्या आन बाईच्या दारात वतून... न्हाय, वतायला पानी कुटं व्हतं, नुसते मांडले. दार दिसंना एवढे. कुनीतरी दाराला शेन फासलं. बाई बाहीर आली, काय तरी सांगाया लागली. हंडे वाजवून तिचा आवाज बुडवला. मग तिनं दार लावलं ते दोन दिस उघडलं न्हाय. दूध बी कुनी नेऊन दिलं न्हाय.

बिभीषण : एवढं झालं? अमृत म्हणाला, जरा घोषणा दिल्या.

गोजरबाई : मी म्हनलं न्हवं, मधी बोलू नको. पिंकीनं बी ती क्लिप बगितली. पयला दिस ती बी गप ऱ्हायली. ते बी सांगते, लपवत न्हाय. दुसऱ्या दिवशी मशीनवर बसली आन एकच शिवन तीनदा उसवली. मी इचारलं, काय झालं? म्हनली, आत्याबाई, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बाई बोलल्या तेव्हा मी पुढच्याच रांगेत होते. बाई म्हणाल्या, ‘आजवर जो तो हेच म्हणत आला, वस्तीवरच्या बायकांना नळ कशाला? आणतात की डोक्यावरून. मी म्हणते, हे बोलणाऱ्यानं एक महिना आपल्या आईच्या डोक्यावर तो हंडा द्यावा आणि मग बोलावं.’ पिंकी म्हनली, आत्याबाई, मी टाळ्या वाजवल्या त्याला.

बिभीषण : म्हणजे बाई उलटंच बोलली हुती व्हय?

गोजरबाई : व्हय. ते म्होरचं कापलं तुझ्या पोरानं.

बिभीषण : पुढं सांग.

गोजरबाई : मी काय म्हनलं असंल तिला? मी म्हनलं, गप बस. मतदान हुं दे, मग सांग. मी म्हनलं हे, तुझ्या आक्कानं. मला बी वाटत व्हतं की घरात सरपंच यावा. ती म्हनली, तवर मतं पडून गेलेली असतील. ती परत कशी देऊ मी?

बिभीषण : नंदू काय म्हणाला? नवरा हाय त्यो. त्यानं तर अडवायचं.

गोजरबाई : नंदूनं सोलापूरला चादरीच्या कारखान्यात चार दिसांची रजा टाकली व्हती. त्याला ईचारलं तिनं. त्यो म्हनला, बाईनं मला बी शिकवलंय. एवढं बोलला आन सभेसाठी सतरंज्या न्यायला गेला. लई बोलत न्हाय त्यो, तुला ठाऊक हाय.

बिभीषण : पण पुरावा काय हुता हिच्याकडं? हिनं ऐकलं म्हणून लोकांनी मानायचं?

गोजरबाई : अंगनवाडीतली सई हाय न्हवं, तिनं हळदीकुंकवाचं सगळं फोनमदी धरलं व्हतं. उखाण्यापासनं. पिंकी तिच्या घरी जाऊन घिऊन आली. सभा वस्तीवरच, मरीआईच्या देवळाम्होरं. चारशे मानूस. तिचं भाषन म्हनून सगळी टाळ्या वाजवायच्या तयारीत. आन ही हुबी ऱ्हायली आन म्हनली, तुमच्या फोनमध्ये बाईंची जी क्लिप आलीय ती अर्धी आहे. आमच्याच माणसानं कापलीय. आता पुरी ऐका. आन फोन माईकला लावला. पयल्यांदा नुसती खरखर. कुनाला काय कळंना. तिनं पुन्यांदा लावला. मग बाईचा आवाज आला, म्होरचं वाक्य आलं.

बिभीषण : तिथंच थांबायचं हुतं. तेवढ्यावर बी निभावलं असतं.

गोजरबाई : ती थांबली न्हाय. म्हनली, या अर्ध्या क्लिपवर कुणी मला मत देणार असाल तर देऊ नका. माझ्या कामावर द्या, न्हायतर बाईंना द्या. एवढं म्हनली आन स्पीकर बंद पडला.

बिभीषण : लाईट गेली?

गोजरबाई : लाईट न्हाय गेली. वायर काडली. आपल्याच मानसानं. कुनी ते मी सांगत न्हाय, तू बापच हाईस त्याचा.

बिभीषण : अमृतनं?

गोजरबाई : मग ती खाली उतरली. फोन हातात धरून एकेका बाईम्होरं गेली. ऐक मावशी, ऐक काकू. कुनी ऐकलं, कुनी हात झिडकारला. एक म्हातारी तर म्हनली, तुला किती दिलं बाईनं? तरी ही पुढं. प्रचार बंद व्हायची येळ झाली तवा घसा बसला व्हता तिचा. मी तिच्या मागनं चालत व्हते, पान्याची बाटली घिऊन. बिभीषण, माझी साठी उलटली. या गावात किती सभा बगितल्या. कुनी आपलं मत कमी व्हावं म्हनून दारोदार हिंडलेलं मी बगितलं न्हवतं.

बिभीषण : आणि शेवटी मिळालं काय? बाई निवडून आली. गुलाल त्यांच्या दारात.

गोजरबाई : मिरवनूक आपल्या दारावरनं चालली व्हती. बाईनं बाजा बंद कराया लावला. एकटी आत आली. तू बसलाईस तिथंच बसली. मग पिंकीला म्हनली, नळाचा अर्ज आपण दोघी मिळून लिहू. तुला वस्तीवरची सगळी घरं पाठ आहेत, मला नाहीत.

बिभीषण : आणि पिंकी?

गोजरबाई : रडली की. मला वाटलं व्हतं, हरल्यावर रडंल. हरल्यावर न्हाय रडली, तवा रडली. आन काल मतमोजनी बगून मंगळवेढ्याहनं येताना येष्टीत एक बाई मला जागा देत म्हनली, तुमी पिंकीच्या सासूबाई न्हवं? चाळीस वर्सं मी महिपतीची बायकू व्हते, मग नंदूची आई झाले. काल मी ताठ बसले त्या शीटवर, एवढं सांगते.

बिभीषण : तुला अभिमान वाटतोय, ते दिसतंय.

गोजरबाई : वाटतोय. तुझ्यापाशी कशाला लपवू? बरं, आता मी एक ईचारते. ती अर्धी क्लिप तू किती जनांना धाडलीस?

बिभीषण : मी? मला काय ठाऊक कापलेली हाय म्हणून. मी आपली पुढं ढकलली.

गोजरबाई : किती जनांना?

बिभीषण : गाडीवाल्यांचा ग्रुप. भावकीचा. हितल्या पावण्यांचा. असतील दोन-अडीचशे माणसं.

गोजरबाई : आन पुरी? ती किती जनांना धाडलीस?

बिभीषण : ती... ती कशाला धाडीन मी.

गोजरबाई : च्या गार झाला तुझा. दे, गरम करते.

(पिंकी रिकामी पिशवी घेऊन दारातून आत येते.)

पिंकी : मामा, कधी आलात? थांबा, पाया पडते. आत्याबाई, त्या म्हातारीला झंपर बरोबर बसलं बघा. दोन पेरूही दिले तिनं.

गोजरबाई : किती दिलं बाईनं म्हनून ईचारनारी?

पिंकी : तीच. मामा, अमृत भावजी कसे आहेत?

बिभीषण : हाय तसाच. तुझ्यावर रागावलाय.

पिंकी : असतील. पण काल संध्याकाळी फोन आला होता त्यांचा.

बिभीषण : तुला? काय म्हणाला?

पिंकी : बाईंचा नंबर मागत होते.

बिभीषण : मला एका शब्दानं बोलला न्हाय.

पिंकी : मी दिला नंबर. पण म्हटलं, फोनवर नका बोलू, येऊन भेटा. बाई दारातनं माघारी लावणाऱ्या नाहीत. रविवारी येतो म्हणालेत.

बिभीषण : बोलताना अडखळत हुता का गं?

पिंकी : थोडं. पहिल्या शब्दाला.

बिभीषण : लई दिवसांनी अडखळला मग.

गोजरबाई : घे च्या. आता तरी पी.

बिभीषण : पिंके, ती पुरी क्लिप तुझ्या फोनमदी हाय का?

पिंकी : आहे की. का?

बिभीषण : मला धाड. आणि त्या तीन ग्रुपवर कशी टाकायची ते दाव. चष्मा दे गं आक्का, तिथं ट्रंकंवर ठेवलाय.

पिंकी : ही आली बघा. आता ह्या बाणावर दाबा. ग्रुप निवडा. हा गाडीवाल्यांचा, हा भावकीचा, हा पावण्यांचा. आता वर काही लिहायचंय का?

बिभीषण : काय लिहू?

पिंकी : तुमची क्लिप, तुम्ही लिहा.

बिभीषण : ‘मी आधी धाडलेली क्लिप अर्धी हुती. ही पुरी हाय. ऐका.’ बरं हाय?

पिंकी : चांगलं आहे. खाली नाव टाका.

बिभीषण : नाव कशाला? नंबर दिसतोयच की.

गोजरबाई : टाक नाव. बापानं ठेवलंय ते.

बिभीषण : टाकलं. गेली बघ. तिन्हीकडं गेली. आलं लगेच कुणाचं तरी. शिवयोगी हाय, आमचा जुना ड्रायव्हर. काय म्हणतोय, वाच गं, बारीक हाय.

पिंकी : ‘मालक, निवडणूक तर झाली. आता कशाला?’

बिभीषण : बरोबर इचारतोय त्यो. आता काय सांगायचं त्याला?

पिंकी : लिहा, बाई अजून गावातच राहतात.