तीन पंख्यांचं कार्ड

कमरीपेठेतल्या कॉम्प्युटरच्या दुकानात शकुंतलाबाई माउस बदलून घ्यायला थांबल्या होत्या. पुढे बापलेकीची जुंपली होती.

"अप्पा, बारा जीबी मेमरीचं ग्राफिक्स कार्ड सांगितलं होतं. तुम्ही आठचं आणलंत."

"पण पंखे तीन आहेत, स्मृती! वर रंगीत दिवे."

"पंख्यांनी कार्ड गार राहतं. मी घरांची डिझाइनं करते, ती मेमरीत मावायला नकोत?"

"कंपनी मोठी आहे ना?"

"माझं स्थळ बघतानाही घराणं मोठं, एवढंच बघितलंत. मला विचारलंत?"

"बिडव्वा," अप्पा कानडीत म्हणाले, "सोड तो विषय."

दुकानदार म्हणाला, "बॉक्स उघडलाय, अक्का. आता परत घेता येत नाही."

"ठाऊक आहे, अण्णा. सासर सोडून दारात आले, तेव्हा अप्पाही हेच म्हणाले होते."