बोट ठेवून वाचणं

चिंचवड स्टेशनवर माझ्या शेजारी मंजुळाबाई, त्यांची नात ठकू आणि शेजारीण दुर्गाक्का गाडीची वाट बघत होत्या. ठकूच्या हातात चित्रांचं पुस्तक होतं.

“ससा बसला गाडीवर, मोर नाचला माडीवर!”

“मंजुळा, पोर वाचत न्हाई. पाठ म्हणतीया.”

“पाठच हाय, आक्का. म्हणून तर अक्षरांना भीत न्हाई. ठकू, ‘माडीवर’ कुठं लिवलंय? बोट ठेव.”

“हितं. ‘मा’च्या पुढचं सगळं ‘गाडीवर’सारखंच हाय.”

“बघितलंत, आक्का?”

“बघितलं. मला जात्यावरच्या ओव्या पाठ हायेत.”

“ठाऊक हाय की.”

“त्यातली एक कुणी लिवून दिली, तर मलाबी असं बोट ठेवता येईल?”

“का न्हाई येणार? आमचा ल्योक ज्योतीराम देईल लिवून. कुठली हवी?”

“माझ्या आईची.”