वसुधा जाते

नीळकंठ : आकाशवाणीवरची तुझी वार्ता, ते भाषण, मी शब्दांच्या मोजणीत धरून नाही राहिलो. ती हिंदीत आहे.

मनोरमा : हिंदीत असली तरी लिहिली मीच ना? भाषा बदलली म्हणून हात दुखायचा थांबत नाही.

नीळकंठ : बरं, धरतो. आणि साठ्यांच्या मुलीची मंगलाष्टकं?

मनोरमा : ती नका धरू. तो आहेर होता.

नीळकंठ : ठीक. म्हणजे बालनाट्यं, वार्ता, मंडळाच्या स्मरणिकेतले लेख, कादंबरी, सगळं मिळून चौऱ्याण्णव हजार शब्द. लाखाला सहा हजार कमी, आणि मार्च अर्धा बाकी आहे. मनोरमाबाई, आमच्या प्लॅनिंग सेक्शनला तीस वर्षांत असा मार्च पाहायला मिळाला नाही.

मनोरमा : लेखनाचं वर्ष एप्रिल ते मार्च मोजणारे अख्ख्या भोपाळात तुम्ही एकटेच असाल.

नीळकंठ : तूच म्हणाली होतीस, मला शिस्त लावा. मला फॅक्टरीचीच येते, ती लावली. रोज संध्याकाळी चहा झाला की मोजतो की नाही? एक दिवस चुकवला का?

मनोरमा : नाही चुकवलात. म्हणून तर इतकं लिहून झालं. ते मी कुणालाही सांगेन.

नीळकंठ : मग आता पाडव्याचं नाटुकलं लिहून टाक. तुला काय, चार दिवसांचं काम. झाला लाख पुरा.

मनोरमा : हं.

नीळकंठ : हं काय? तोंड काहून उतरलं?

मनोरमा : कादंबरीत दिवाळीपासून एक ओळ पडलेली नाही. तुम्ही मोजता, तुम्हाला दिसलं असेलच.

नीळकंठ : दिसलं. बोललो नाही. आमच्याकडे मार्चमध्ये हेच होतं. छोटे छोटे सुटे भाग धडाधड काढायचे, आकडा फुगवायचा, आणि मोठं मशीन शेडमध्ये तसंच उभं. कागदावर टार्गेट पुरं, आणि गिऱ्हाईक तिकडे वाट पाहून राहिलं.

मनोरमा : अगदी तसंच चाललंय माझं.

नीळकंठ : चालतं गं. पुढच्या वर्षी घे ते मशीन. दार वाजलं वाटतं. कोण आहे? ये ये, कल्पना. आमच्या मंडळाच्या सेक्रेटरीला आज फुरसत कशी मिळाली?

कल्पना : फुरसत कुठली काका, बरखेड्याहून सीधी इकडेच आले. काकू, पाडव्याचं स्क्रिप्ट रविवारपर्यंत पाहिजे हं. मुलं एकदम तयार आहेत. मागच्या वेळी केलं तसंच काहीतरी मजेदार.

नीळकंठ : मिळेल. आत्ता तेच बोलत होतो आम्ही.

मनोरमा : नाही मिळणार, कल्पना.

कल्पना : अरे! काकू, मजाक नका ना करू.

मनोरमा : थट्टा नाही करत. या वर्षी मला जमणार नाही. मागच्या वर्षीचंच पुन्हा बसव, आपल्या पिपलानी कॉलनीत कुणाला आठवत असेल? नाहीतर शालिनी चांगलं लिहिते, तिला विचार. तिला कुणी विचारत नाही म्हणून ती लिहीत नाही.

कल्पना : तुमची तबियत ठीक आहे ना?

मनोरमा : छान आहे. चहा घेतेस?

कल्पना : नको, मग मला शालिनीताईंना गाठायला हवं. चलते काका.

नीळकंठ : ये. ... हे काय केलंस? घरी चालत आलेले सहा हजार शब्द परत पाठवलेस.

मनोरमा : सहा हजार मला वसुधासाठी लागतील.

नीळकंठ : वसुधा म्हणजे कादंबरीतली. मग दिवाळीपासून काहून अडली ती?

मनोरमा : तुम्ही मोजता म्हणून.

नीळकंठ : मी? अगं, मी नुसते शब्द मोजतो. वाचत नाही.

मनोरमा : गणपतीच्या सुमारास तुम्हीच विचारलंत, वसुधाच्या नवऱ्याला चष्मा काहून दिला म्हणून.

नीळकंठ : नजर पडली असेल.

मनोरमा : नंतर म्हणालात, तो डब्यात लोणचं नाही म्हणून चिडतो, इतका काही वाईट माणूस वाटत नाही. हेही नजर पडून?

नीळकंठ : बरं, वाचतो. माझ्याच घरात लिहिलं जातं, ते मी वाचू नये का?

मनोरमा : वाचा की. पण पुढचं प्रकरण लिहायला बसले की मला वाटायचं, संध्याकाळी हे चहा पिऊन हेच पान हातात घेणार. मला भीती वाटायची. म्हणून दुसरं काहीतरी लिहायचे. ससा लिहिला, कासव लिहिलं, उन्हाळ्यातली सरबतं लिहिली.

नीळकंठ : असं आहे तरी काय पुढच्या प्रकरणात?

मनोरमा : वसुधा जाते. मुलाला घेऊन. इंदूरच्या शाळेत नोकरी लागते तिला.

नीळकंठ : नवऱ्याला सोडून?

मनोरमा : हो.

नीळकंठ : इंदूरच्या शाळेत.

मनोरमा : हो, इंदूरच्याच.

नीळकंठ : सगळी कॉलनी ओळखेल, मनोरमा. तुला तेव्हा तिथून नोकरीचं पत्र आलं होतं हे शेजारच्या प्रभाकरला माहीत आहे, त्याच्या बायकोला माहीत आहे. लोक म्हणतील, बाईच्या मनात इतकी वर्षं हेच होतं.

मनोरमा : म्हणू देत. होतंच.

नीळकंठ : गाव बदल. नोकरी बदल. ती चार दिवस माहेरी जाते असं कर.

मनोरमा : माहेरी गेलेल्या बाईची कादंबरी कशाला लिहायची? ती जाणार.

नीळकंठ : निदान त्याला विचारून जावं तिनं. तो नाहीच म्हणेल हे तिनं आधीच कसं ठरवलं?

मनोरमा : मी तुम्हाला विचारलं होतं.

नीळकंठ : कधी? कुठे?

मनोरमा : या इथेच. तुम्ही शिफ्टवर निघाला होतात. म्हणालात, पुढच्या वर्षी बघू. आजही तेच म्हणालात, पुढच्या वर्षी घे ते मशीन.

(नीळकंठ चष्मा काढून टेबलावर ठेवतो.)

नीळकंठ : तू का नाही गेलीस?

मनोरमा : आपला श्रीकांत लहान होता. घर होतं. आणि तुम्ही खरंच वाईट माणूस नव्हतात, त्यानं तर जास्तच अडचण झाली. रडून घेतलं आणि राहिले. मला त्याचा राग आहे, आणि तुमच्याबरोबर बरे दिवसही गेले. दोन्ही खरं आहे. पण वसुधाला मी ठेवून घेणार नाही.

नीळकंठ : आणि टार्गेट?

मनोरमा : पुरं होईल. उद्यापासून पहाटे उठून बसणार. वार्ता नाही, लेख नाही, कुणाची मंगलाष्टकं नाहीत.

नीळकंठ : मोजायला मी बसू की नको?

मनोरमा : नको. आता माझी मी मोजेन. पुस्तक झालं की वाचा, सगळ्यांबरोबर.

नीळकंठ : बरं.

मनोरमा : रागावलात?

नीळकंठ : रागावलो आहे थोडा. पण लिही तू. ... एक सांग फक्त. ती परत येते का?

मनोरमा : ते मला अजून माहीत नाही. उद्यापर्यंत कशाला थांबू, आत्ताच बसते. पोळ्या डब्यात आहेत, आज तुमचं तुम्ही वाढून घ्या.