सुगंधाची निवडणूक

मंडळी, ऐका! आधी एक प्रश्न, मग कथा. एखादा माणूस चांगला आहे की नाही, हे कुणाला विचारायचं?

पुढे बसलेल्या बाळांनो, तुम्ही सांगा. शेजाऱ्याला? बरं. गुरुजींना? बरं. ही चिमुरडी म्हणते, देवाला! देवाला सगळं ठाऊक असतं गं बाई, पण तो सरकारी कागदावर सही करत नाही. कागदावर सही लागते माणसाची. ह्याच सहीची कथा सांगतो. दमलोय मी ही सांगून. गावोगाव सांगावी लागते, म्हणून दमलोय.

आंबेखोल नावाचं कोकणातलं गाव. डोंगराला टेकून भाताची खाचरं. भात पोटरीला आलं की रानडुकरं उतरायची, अन् सकाळी बघावं तर चिखल! म्हणून महादेव डिंगणकराने शेतीच्या राखणीसाठी बंदुकीचा परवाना काढला. नेम असा, की एक बार अन् एक डुक्कर! अख्खी वाडी म्हणायची, म्हादू आहे म्हणून आपण जेवतो.

आता परवाना काही असाच मिळत नाही. तो माणूस कसा आहे, याची चौकशी होते. ती कोण करणार? गावचा पोलीस पाटील, यशवंत पाष्टे. भला माणूस! परवान्याची मुदत संपली की यशवंतदादा वाडीत फिरायचा. ‘काय रे, म्हादू कसा?’ ‘देवमाणूस!’ ‘काही तक्रार?’ ‘छे छे!’ मग चहा व्हायचा, अन् कागदावर उमटायचं — वर्तणूक चांगली, तक्रार नाही. खाली सही. वीस वर्षं हेच!

आणि घरात?

घरात बंदूक चुलीसमोरच्या भिंतीवर टांगलेली. आमटीत मीठ जास्त झालं, की म्हादू ओरडायचा नाही हो! उठायचा, बंदूक काढायचा, मांडीवर घ्यायचा, अन् फडक्याने पुसत बसायचा. बस्स. बायको सुगंधा अन् लेक श्वास धरून उभ्या. आणि एखाद्या दिवशी पुसूनही राग उतरला नाही, तर...

थांबा. पेटी थांबवा जरा.

*दारापुढे गोड वाणी । दारामागे डोळां पाणी ।*
*गाव पुसले सर्वांनी । घर पुसले ना कोणी ॥*

आता निवडणूक आली, की काय होतं? परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा! यशवंतदादा जीप घेऊन दारोदार फिरायचा. बाकीच्यांची कुरकुर — ‘अहो, डुकरांना आचारसंहिता कळते का?’ हसा, हसा, तेही हसायचे. पण डिंगणकरांच्या घरी सुगंधा बंदूक जुन्या लुगड्यात गुंडाळून आधीच ओटीवर आणून ठेवायची. यशवंतदादाला वाटायचं, केवढी शिस्तीची बाई!

एका वर्षी निकाल लागले. बंदुका परत न्या, असा निरोप आला. म्हादूच्या परवान्याची मुदतही तेव्हाच संपत होती. यशवंतदादा आपल्या ओटीवर बसून त्याचाच कागद लिहीत होता, तेवढ्यात सुगंधा अंगणात येऊन उभी राहिली.

‘पाटीलदादा, आता पुढची निवडणूक कधी?’

‘काय गो, उभी राहतेस की काय?’

ती हसली नाही. ‘ग्रामपंचायतीची तरी?’

‘तिला दोन वर्षं आहेत.’

‘दोन वर्षं माझ्याच्याने निघायची नाहीत, दादा. हा दीड महिना आम्ही मायलेकी गरम जेवलो.’ तिने खांद्यावरचा पदर बोटभर सरकवला. काळपट वण, जुना, खोल. ‘डुकराला गोळी, मला बंदुकीचा दस्ता. जीप यायच्या आदल्या दिवशी बंदूक भरून म्हणाले, पुढच्या खेपेला दस्ता नाही.’

यशवंतदादाच्या हातातलं पेन थांबलं. ‘अगं, पण मी तर सगळ्या वाडीला विचारतो!’

‘मला कधी विचारलंत?’

मंडळी, काय उत्तर द्याल? ‘घरच्या बाईला कोण विचारतं’ असं यशवंतदादाच्या ओठांवर आलं, ते त्याने गिळलं. त्याने लिहिलेला कागद फाडला. दुसरा घेतला. त्यावर लिहिलं — आजवरची चौकशी अपुरी होती, चूक माझी. हत्यार परत देऊ नये, पत्नीच्या जिवाला धोका आहे. मग तिला घेऊन ठाण्यात गेला, तिचा जबाब नोंदवला. बंदूक तिथेच राहिली.

संध्याकाळी म्हादू यशवंतदादाच्या दारात! ‘यशवंता! माझ्या घरात नाक खुपसणारा तू कोण?’

‘वीस वर्षं तुझ्या भिंतीवर माझी सही टांगलेली होती, म्हादू. ती उतरवून नेली.’

मग काय, सगळं गोड झालं? नाही हो. त्या साली डुकरांनी निम्मं भात खाल्लं. वाडी यशवंतदादाशी बोलेना. बायाच सुगंधाला टोमणे मारायच्या — ‘हिच्या खांद्यापायी आमची खाचरं गेली!’ बंदूक गेली तरी हात घरातच होता. म्हणून ती लेकीला घेऊन भावाकडे गेली. तिथेही चार शब्द ऐकतच राहिली. पण राहिली! जिवंत राहिली. लेक पुढे शिकली. मी एवढंच सांगू शकतो, याहून गोड शेवट माझ्याजवळ नाही.

आता तुमच्याकडे वळतो. ‘घरातलं भांडण घरात’ म्हणत तुम्ही कितीदा ‘देवमाणूस’ म्हणालात, आठवा. बाळांनो, तुम्हीही ऐका. घरात भीती वाटत असेल, तर ती मोठ्या माणसाला सांगणं म्हणजे चहाडी नव्हे.

बायांनो, इथे तुम्हाला काही विचारत नाही. पलीकडे यजमान बसलेत. पण उद्या पाणवठ्यावर शेजारणीला एकटीला गाठा. विचारा, बरी आहेस ना? ती ‘हो’ म्हणेल. लगेच हंडा उचलू नका. पहिलं ‘हो’ भीतीचं असतं. तिथेच उभ्या राहा, आणि पुन्हा विचारा.