टाकीतलं विरजण

माझ्या फिशटँकचं काय झालं, ऐका. नव्या टाकीच्या पाण्यात आधी कामाचे जंतू तयार व्हावे लागतात, मंगच मासे जगतात. पण जालन्यात आमच्या गल्लीत नळ आला की आई घरातलं सगळं शिळं पाणी ओतून ताजं भरते. टाकीही तिनं घासून लख्ख केल्ती. मासे मेले.

मी चिडलो. "आई, त्यात जंतू होऊ दे ना!"

"घरात जंतू पाळून राह्यला का तू?"

"अगं, दुधाचं दही होतं ना, तसंच ते."

आईनं हातातली घासणी खाली ठेवली. "मंग विरजण लावलंय म्हणायचं न्हाई का? मी हात लावला असता का?"

परवा नळ आला. बघतो तर टाकीवर ताट झाकलेलं, आणि आई बाबांना सांगून राह्यली, "जरा हळू चाला, धक्का लागंल."