गार फरशीवर बसू नये

हॅलो? … कोण, बिल्याना? … अगं बोल, बोल. मीच करणार होते तुला. … हो, इथंही पाऊस. चाचकला सकाळपासून रिपरिप चाललीय. व्हिएन्नात तरी काय वेगळं.

… हो, झालं. परवाचा मित्रोवदानचा सण असा पार पडला की शेजारची मिलेवाकाकू अजून तोंडभरून सांगत सुटलीय. … डुकराचं भाजलेलं मटण, कोबीच्या पानातला सार्मा, सगळं. भांडी चाटूनपुसून गेले लोक.

तू तेवढी नव्हतीस. … हो, हो, रजा. चार वर्षं झाली, तुला नेमकी घरच्या संताच्या दिवशीच रजा मिळत नाही. … बरं, नाही बोलत.

तुझा आवाज असा का घुमतोय गं? … स्वयंपाकघरात आहेस? मग तिथं विहीर खणलीस वाटतं.

तियाना? … उभी राहिली तुझी वहिनी. मेणबत्ती लावल्यापासून शेवटचा पाहुणा जाईपर्यंत उभी. एकदासुद्धा पळाली नाही. … अगं ऐक ना. गेल्या वर्षी तू नव्हतीस, म्हणून तुला वाटतं मी वाढवून सांगते. पाद्रीबाबा गातायत. तुझा भाऊ लाझार, मी, ही, सगळ्यांचे हात संताच्या पावाला. पाव फिरतोय. आणि ही मधेच हात सोडून संडासाकडे. पाव कलंडला, वाईन माझ्या पोलक्यावर. मिलेवा म्हणते, सूनबाईंना फार घाई दिसते. नाक कापलं माझं, माझ्याच घरात.

… आणि तेवढंच का? चर्चमध्ये पळते, बसमध्ये रडकुंडीला येते. लाझारच्या मित्राच्या लग्नात नवरीच्या आधी हीच हॉलबाहेर.

… मी सांगतच होते ना. अनवाणी फिरायचं, गॅलरीत सिमेंटवर बसून राहायचं. गारठा शिरतो तो तिथूनच. तुला लहानपणी कधी बसू दिलं मी? … चापट मारायचे, हो. म्हणून तुझं सगळं ठणठणीत आहे.

हॅलो? … बिल्याना? … गेली कुठं ही…

… हां. काय झालं? … दूध उतू गेलं? लक्ष कुठं असतं तुझं.

तर काय सांगत होते … हां, डॉक्टरीण. या शरदात नेलं मी तिला, स्वतः नेलं. लाझार ट्रक घेऊन जर्मनीत, मग कोण नेणार? तरुण आहे ती बाई, पण बोलली समजावून. तुझ्या वहिनीची ती गोळी आहे ना … तीच, मन खूश ठेवायची. बाळ गेल्यापासून घेतेय. … अगं, कुणाचं जात नाही? माझं नव्हतं गेलं, तुझ्या आधीचं? तिसऱ्या दिवशी मी आयवारच्या चटणीसाठी मिरच्या भाजत होते अंगणात. मला कुणी गोळी दिली नाही. … बरं, बरं, पुढं सांगते.

ती म्हणाली, अंगात सेरोटोनिन म्हणून एक रस असतो. डोक्यात तो पुरेना झाला की माणूस खचतो, म्हणून गोळी. पण तो रस नुसता डोक्यात थोडाच असतो? लघवीच्या पिशवीच्या नसांवरही त्याच्यासाठी कड्या असतात म्हणे. दाराला असतात तशा. काही कड्या वाजल्या की नसा झोपतात, काही वाजल्या की जाग्या होतात. कुणाकुणाला गोळीनं त्या जाग्या करणाऱ्याच जास्त वाजतात. मग पिशवीत वाटीभर साठलं तरी नस मेंदूला ओरडून सांगते, घागर भरली. … हो, म्हणजे ती खोटं बोलत नव्हती. नस खोटं बोलत होती. फरक काय पडतो? वाईन माझ्याच पोलक्यावर सांडली ना.

… मी विचारलं तिला सिमेंटचं. हसली. शिकलेली माणसं हसतात.

… उपाय? म्हणाली, गोळी हळूहळू बदलू. मनाच्या डॉक्टरांशी बोलते, नोव्हेंबरच्या अखेरीस या. … हो, स्वतःहून एकदम बंद करू नका, असंही म्हणाली. अगं पण नोव्हेंबरची अखेर. मित्रोवदान आधी येतं का नंतर?

… मग काय. केली बंद. … मी. … अगं, लाझारनंच सांगून ठेवलं होतं, आई, रोज तुझ्या हातानं दे, ती विसरते. सकाळी कॉफीच्या बशीत ठेवते मी. तर माझ्या त्या ब जीवनसत्त्वाच्या गोळ्या आहेत ना, त्याही पांढऱ्या, त्याही मसुराएवढ्या. … नाही, तिला नाही सांगितलं. सांगितलं असतं तर घेतल्या असत्या का? … तीनेक आठवडे झाले असतील.

… बिल्याना?

… दार वाजलं? आत्ता? बरं, बघ जा. … ही पोरगी फोन करते आणि घरभर फिरते. … आणि हे पाणी कसलं वाजतंय…

… आलीस? कोण होतं? … असू दे.

… अगं ओरडू नकोस. गुण आला की नाही, ते बघ ना. तिन्ही वेळा पाव फिरला, पाद्रीबाबांनी वाईन ओतली, ही जागची हलली नाही. … हात थरथरत होते थोडे. डोक्यात वीज चमकल्यासारखं होतंय म्हणाली. मी म्हटलं, चमकू दे, उजेड पडेल. मिलेवासुद्धा हसली.

… आता? आता झोपलीय. … काल पहाटे लाझार गेला ट्रक घेऊन, तेव्हापासून झोपलीय. … नाही, जेवली नाही. … उठत नाही, उठत नाही म्हणजे काय ते तुला कसं सांगू. आज सकाळी गादी भिजवून ठेवलीन. जाणूनबुजून. डोळे उघडे होते, पाय धड आहेत, संडास दोन पावलांवर. विचारलं, का गं उठली नाहीस? तर म्हणते, कशाला. … एवढंच. कशाला. मी गादी उन्हात तरी कुठं घालू या पावसात?

… नसा गप्प झाल्या तर बाईही गप्प झाली, त्याला मी काय करू?

… लाझारला नको सांगूस. … बिल्याना, मी सांगते ते ऐक, त्याला नको. तो रस्त्यावर आहे. … गोळ्या आहेत ना. टाकल्या नाहीत, मी काय वेडी आहे? कोबीच्या बरणीमागं ठेवल्यात. … देईन उद्या. … अगं तुला कसं माहीत, एकदम बंद केल्यावर काय होतं ते? तू काय डॉक्टर झालीस?

… काय?

… कुठली गोळी घेतेस तू? … हीच?

… कधीपासून? … चार वर्षं.

… नाही, मी ऐकतेय.

… म्हणजे मघाशी दूध नव्हतं उतू गेलं.

… आणि म्हणून तू मित्रोवदानला … अगं, माझ्यासमोर पाव सोडून पळाली असतीस तर मी काय … मी काही बोलले असते का तुला? तुझी गोष्ट वेगळी. … वेगळी कशी म्हणजे? तू माझी मुलगी. ती दुसऱ्याच्या घरची नाजूक पोर, तिला सवय लावायला लागते. … मी हसले का? तुला नाही हसले. तिला हसले.

… आता फोन तिच्या कानाला कशाला लावू? ती बोलत नाही. … बरं. बरं बाई. जाते. … वास मारतंय इथं. … तियाना. ऊठ, तुझी नणंद आहे. … घे, कानाला धर. … काय म्हणतेय? … काय म्हणतेय ती तुला? … नुसती मान काय हलवतेस, मला ऐकू येऊ दे की. … इतका वेळ काय बोलायचंय? … दे. दे म्हणते इकडे.

हॅलो? काय सांगितलंस तिला? उठली ती. … स्वयंपाकघरात गेली. … बरणी सरकवतेय. … घेतल्या गोळ्या हातात. झालं समाधान? … आता कोट घालतेय. झोपायच्या कपड्यांवरच. … तियाना, कुठं निघालीस? शेजारीपाजारी बघतील.

… खाली गाडी थांबलीय कुणाची तरी. … दामयान? तिचा भाऊ इथं कशाला?

… दारही वाजलं नव्हतं तर. मला धरून ठेवलंस फोनवर, आणि त्याला कळवलंस.

… जाऊ दे म्हणतेस? गेलीच. जा म्हणावं. मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. भिजलेली गादी तेवढी ठेवून गेली मला. … लाझारशी तू बोलणार? बोल. सगळे मिळून बोला. मी कुणासाठी केलं सगळं? घराची लाज राहावी म्हणून केलं.

… नाही. चूक नाही म्हणणार मी. पाव फिरला की नाही?

… पुढच्या वर्षी? येशील ना तू? … पळालीस तरी चालेल. … मी पोलकं जुनं घालीन. … बिल्याना, असं काय बोलतेस? मग पावाला हात कोण लावणार? मी आणि लाझारच?

… रडतेयस का तू?

… एक सांग. तो आवाज घुमतोय … संडासात बसलीयस ना तू, फरशीवर? … ऊठ आधी. खाली काहीतरी घे, नोव्हेंबर आहे. गारठा शिरतो गं तिथून. … बिल्याना? … फरशीवरून ऊठ म्हणते मी.

… हॅलो?